चांदणी बँडचं न मिटलेलं भांडण

तेजू, काल तुझी तेरवी झाली. पंगतीत हिरालाल माझ्या शेजारी बसला होता. भाजीत मीठ जास्त पडलंय हे बोलून झाल्यावर त्यानं तोच विषय काढला, जो तुला पोहोचवून आल्यापासून सगळ्या चांदणीवाल्यांच्या तोंडी आहे. त्या दिवशी आपण तेजूभाऊच्या मयतीत वाजवलं की नाही वाजवलं? हिरालाल म्हणतो वाजवलं. समोरच्या पंगतीतून पूरन म्हणतो नाही. दोघंही घास हातात धरून माझ्याकडे बघत होते, कारण सुरुवात मी केली होती आणि थांबवलंही मीच होतं. मी म्हटलं, आधी जेवा. पण घरी आल्यावर मलाच चैन पडेना, म्हणून हे तुला लिहितो आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. जिवंतपणी तरी तू कुठं काही वाचत होतास! लग्नपत्रिकासुद्धा मीच वाचून दाखवायचो, आणि तरी तू चुकीच्या मांडवात शिरायचास.

सडक अर्जुनीचा तो प्रकार तेरवीच्या पंगतीतही निघालाच. हायवेला लागून दोन ढाबे, दोन्ही ढाब्यांच्या मागं मांडव, दोन्हीकडे लाल कनाती. तू सगळ्यांच्या पुढं, क्लॅरिनेट तोंडात आणि डोळे मिटलेले. तुला कितीदा सांगितलं असेल की पुढं चालणाऱ्यानं डोळे मिटू नयेत. पण सूर लागला की तुझे डोळे मिटायचेच, आणि तुझ्यामागं आम्ही, आमच्यामागं घोडी, घोडीमागं सगळी वरात. शिरलो ते भलत्याच मांडवात. तिथल्या बायकांनी नवरदेवाला ओवाळलं, पाय धुतले, कुंकू लावलं, तेव्हा कुठं मुलीच्या बापाच्या लक्षात आलं की हा जावई आपला नव्हे. आरतीचं ताट हातात धरलेली त्यांची आजी मात्र म्हणाली, "असू दे ना गा. हा बी काई वाईट नाई." तू डोळे उघडलेस, एकदा इकडं पाहिलंस, एकदा तिकडं, आणि धून न तोडता गर्रकन मागं वळलास. सगळी वरात तुझ्यामागं वळली. खऱ्या मांडवातल्या लोकांना वाटलं, काय हौशी बँड आहे, वरातीला एक फेरी जास्तीची मारून आणली! पुढच्या हंगामात त्या गावची तीन लग्नं आपल्याला मिळाली आणि तू मिशीवर ताव देत फिरलास.

मिशीचं जाऊ दे. बँडचं सांगतो, कारण तेरवीला आलेल्या पोरांना वाटतं की चांदणी बँड म्हणजे आजची ही गाडी, भोंगे आणि दिनेशचा कीबोर्ड. आपण सुरू केलं तेव्हा तुझी एक जुनी क्लॅरिनेट होती, तिची एक पट्टी रबरानं बांधलेली, माझा पोचे पडलेला ट्रम्पेट होता आणि एक ढोल. धान कापून झालं की लग्नसराई, लग्नसराई संपली की पुन्हा धानाच्या बांधीत, रोवणीला. धून शिकायची ती स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर, कॅसेट वाजत असताना. टपरीवाला वैतागून म्हणायचा, "चहा घ्या नाहीतर गाणं सोडा."

मग हिरालाल आला. तो मुळात आपला गणवेश शिवायला आलेला दर्जी. मापं घ्यायचा कंटाळा केला आणि सगळे कोट स्वतःच्या मापाचे शिवून टाकले. ते त्यालाच तेवढे बसायचे, म्हणून तू त्यालाच बँडमध्ये घेतलंस. माझ्याशेजारी उभा राहून तो ट्रम्पेट शिकला, आणि बरा वाजवायला लागल्यावर एका पावसाळ्यात निघून गेला, देवरीला जाऊन त्यानं 'न्यू चांदणी' काढली. जाताना अर्धे कोटही घेऊन गेला. म्हणाला, शिवले मीच ना! पुढं त्याच्यातून फुटून कोणी 'सुपर चांदणी' काढली. लोक तुला सांगत होते, आता तू पाटीवर 'असली चांदणी' लिही. तू म्हणालास, "असलीले असली कायले लिहा लागते बे?"

पूरनचं वेगळंच. ट्रक चालवता चालवता स्टिअरिंगवर ताशा वाजवणारा माणूस. ट्रक मिळाला की बँड सोडायचा, ट्रक सुटला की परत यायचा. तू कधी त्याची जागा भरली नाहीस. मध्ये गायला रेखा आली. हातगाडीवर माइक धरून असं गायची की मांडवातले आचारी झारा घेऊन बाहेर यायचे. गाता गाता तिला नवरदेवाचा भाऊ आवडला. वर्षभरात आपण तिच्याच वरातीत वाजवत होतो, आणि गाणारी बोहल्यावर असल्यामुळं गायला कोणी नव्हतं म्हणून मला गावं लागलं. त्या लग्नाचा व्हिडिओ तिनं अजून जपून ठेवला आहे आणि माहेरी आली की मला दाखवते. माणूस इतका दुष्ट असू नये.

आणि मग माझे पुढचे दात गेले. दात गेले म्हणजे ट्रम्पेट गेला, फुंक धरायची कुठं? मला वाटलं, आता तू मला घरी बसवणार. तू माझ्या हातात झुणझुणा दिलास. इतकी वर्षं ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाच्या हातात झुणझुणा! मी चिडून बोलणंच टाकलं तुझ्याशी. तू रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर यायचास, काही न बोलता चहा पिऊन जायचास. एक दिवस म्हणालास, "शालिक, बाकीचे सारे सूर चुकवतेत. ताल चुकला तं वरात पडते." तेव्हापासून मी झुणझुणा वाजवतो आहे. तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो. त्या झुणझुण्यानं मला म्हातारा होऊ दिलं नाही.

नवा माणूस आला की त्याला आपल्या धुनांची नावं कळायला वर्ष जायचं. गाण्याचं नाव आपण कधी घेतलंच नाही. ज्या गावात ती धून जमली, तेच तिचं नाव. नवरदेव घोडीवर चढताना 'देवरी'. नवरी निघताना 'साकरीटोला', कारण तिथं म्हणे घोडीसुद्धा रडली होती. आणि नाचायची ती 'कट्टीपार', जिच्यावर तिथल्या एका बुढ्यानं धोतर सुटेपर्यंत नाच केला होता. हिरालालच्या न्यू चांदणीतही हीच नावं चालतात. भांडून गेला, पण गावं घेऊन गेला.

आता मूळ भांडण. तुझा एक नियम होता, मयतीत वाजवायचं नाही. एका आषाढात बाजारातल्या शेटजींचे वडील वारले. भरल्या घरातला, नातवंडं-पतवंडं पाहिलेला म्हातारा. त्यांच्या घरच्यांना वाजतगाजत न्यायचं होतं. तू दारातूनच नाही म्हणालास. त्यानंतर आपण रोवणीच्या चिखलात उभे होतो आणि मी तुझ्यावर ओरडत होतो. मी म्हटलं, "काऊन नाई? भरून पावलेला मानूस चालला, त्याले वाजवून पोचवलं तं काय बिघडते?" तू पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंडी हातात धरून म्हणालास, "ज्या फुंकीनं नवरदेव आनला, त्या फुंकीनं मुर्दा नाई नेनार मी. उद्या कोनाच्या लगनात गेलो तं लोकायले घाट आठवंल." मी म्हटलं, लोकांना काही आठवत नाही, लोकांना जेवण आठवतं. तू हसलास, पण हललास नाहीस.

पुढं माझे बाबा गेले. पाऊस होता, लोक कमी होते, आणि ती वाट इतकी मुकी होती की आमच्या चपलांचा चिखलातला आवाज तेवढा येत होता. तू खांदा दिलास, सरणाची लाकडं रचलीस, माझ्या आईजवळ बसलास. सगळं केलंस, फक्त वाजवलं नाहीस. बाबांना तुझी 'देवरी' आवडायची, ते बांधावर उभे राहून ऐकायचे हे तुला माहीत होतं. मला तेव्हा राग आला होता. खरं सांगू का, थोडा अजून आहे. त्यानंतर हा विषय आपण किती वेळा काढला असेल! तू तुझ्या जागी, मी माझ्या. मी म्हणायचो, "तू मेल्यावर पाहून घेईन." तू म्हणायचास, "पाहायले मी नसन, म्हनून तुले जोर येऊन राहिला."

गोंदियाच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हाही हेच. नळ्या लावलेल्या, आवाज बसलेला, आणि म्हणतोस काय, "घाटावर हात हालवत येजो." म्हणजे रिकाम्या हातानं ये. मी म्हटलं, "आनि नाई आलो तं?" तू हसायला गेलास आणि खोकला लागला, नर्सनं मला बाहेर काढलं. तुझं उत्तर राहिलं ते राहिलंच.

तू गेलास तो दिवस भर लग्नसराईचा. तिथीच अशी होती की बँडवाला घरी सापडणं मुश्कील. तरी दुपारपर्यंत तुझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हिरालाल देवरीच्या एका लग्नातून तसाच आला, सोनेरी झालरीचा कोट घालून, ट्रम्पेट काखेत. पूरननं ट्रक पेट्रोल पंपावर लावला होता आणि ताशा गळ्यात होता. सुपर चांदणीची पोरं आली. दिनेश आला. कोणीच कोणाला वाद्य आणायला सांगितलं नव्हतं. सुमनवहिनी दारात आल्या, त्यांनी सगळ्यांच्या काखेत बघितलं आणि रडता रडता थांबून म्हणाल्या, "वाजवाल तं पाहा. त्यायनं नाई म्हनलं होतं, म्हनजे नाई." हिरालालनं ट्रम्पेट पाठीमागं लपवला. जसा काही तो त्याच्या पाठीमागं मावणार होता! माझा झुणझुणा कुर्त्याच्या खिशात होता. चालताना आवाज होऊ नये म्हणून मी तो मुठीत दाबून धरला.

निघालो आम्ही. पुढं तुझा मुकेश मडकं धरून, मग तू, मग सगळे चांदणीवाले, जुने, न्यू, सुपर, सगळे गप्प. इतके बँडवाले एकत्र आणि आवाज नाही, असं आमगावानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. दुकानदार बाहेर येऊन हात जोडत होते. आणि रेल्वे फाटकापाशी आलो तर फाटक बंद. मालगाडी येऊन मधोमध उभी. तशीही तिथं विसाव्याची जागा आहेच, म्हणून तुला खाली ठेवलं आणि उभे राहिलो.

तेवढ्यात मागून धुमाल पार्टी आली. गोंदियाची पोरं, गाडीवर रचलेले ढोल, छातीत धडधड होईल असा आवाज, आणि मागं घोडीवर नवरदेव. त्यांनाही लाइन ओलांडून पलीकडच्या मांडवात जायचं होतं. गाडी आमच्या शेजारी येऊन थांबली आणि कोणाला तरी तू दिसलास. नवरदेवाचा मामा ओरडला, "अरे बंद करो, बंद करो! मिट्टी जा रही है!" ढोल एकदम थांबले. नाचणारी पोरं हात वर केलेल्या अवस्थेत उभी राहिली. बायकांनी तोंडं फिरवली. एक म्हातारी तेवढी पुढं येऊन तुला नमस्कार करून म्हणाली, "शुभ असते बाबू. वरातीले मयत भेटली तं संसार चांगला होते." पण तिचं ऐकायला कोणी तयार नव्हतं. मुहूर्त जवळ येत होता, मालगाडी हलत नव्हती, आणि सगळी वरात मुकाट्यानं एका तिरडीकडं बघत उभी होती.

मी नवरदेवाकडं पाहिलं. कोवळं पोर, सेहऱ्याच्या माळा बाजूला सारून तुझ्याकडं बघत होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. आपल्या लग्नाच्या दिवशी हे काय समोर आलं, असा चेहरा. तुला हे बघवलं नसतं, तेजू. मुकी वरात तुला कधीच सोसली नाही. एकदा पावसात ढोल भिजून बसला तेव्हा तू घराघरातून पितळी पराती मागून आणल्या होत्यास.

मी मुकेशजवळ गेलो. म्हटलं, "बाबू, वरातीसाठी वाजवू का? तुझ्या बाबासाठी नाई. वरातीसाठी."

त्यानं घोडीकडं पाहिलं आणि म्हणाला, "काका, मले बँडातलं काई समजत नाई. पन त्या पोट्ट्याचं तोंड पाहा."

मी खिशातून झुणझुणा काढला आणि म्हटलं, "कट्टीपार!"

तुला सांगतो, न्यू नाही, सुपर नाही, सगळ्यांनी एका झटक्यात वाद्यं उचलली. आणि मग आमच्या लक्षात आलं की कट्टीपारची सुरुवात तुझी आहे. ती लांबलचक वर चढत जाणारी क्लॅरिनेट, तिच्यानंतर बाकीचे. क्लॅरिनेट कोणाकडेच नव्हती. मला वाटलं, हिरालाल ट्रम्पेटवर घेईल. त्यानं ट्रम्पेट ओठाला लावला, पण फुंकला नाही. तुझी जागा तशीच रिकामी जाऊ दिली सगळ्यांनी. तेवढा वेळ फक्त माझा झुणझुणा वाजत होता, आणि ताल चुकला नाही. मग जिथं यायचं तिथं सगळे एकदम आले.

वरातीला कळायला थोडा वेळ लागला. पहिल्यांदा ती म्हातारी नाचली. मग धुमालवाल्या पोरांनी हळूच ढोल धरला. मग तो मामा, जो ओरडला होता तोच, रुमाल दातात धरून असा नाचला की मालगाडीचा गार्ड खाली उतरून बघायला आला. नवरदेव हसला. सेहऱ्याआडून दात दिसले त्याचे. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या बाजूला, विसाव्याच्या दगडापाशी, तू डोळे मिटून पडला होतास. मला रडू येत होतं आणि मजाही येत होती, दोन्ही एकाच वेळी, हे तुला खोटं कशाला सांगू?

मालगाडी गेली, फाटक उघडलं. मुकेशच म्हणाला, त्यांचा मुहूर्त आहे, त्यांना आधी जाऊ द्या. वरात पुढं निघाली, तिच्यामागं आम्ही वाजवत, आणि आमच्यामागं तू. आम्ही वरातीसाठीच वाजवत होतो. तू त्याच रस्त्यानं येत होतास, एवढंच. पूरन म्हणतो ते इथं बरोबर आहे.

लाइन ओलांडल्यावर रस्ता फुटतो. उजवीकडे मांडव, डावीकडे नाल्याकाठचा घाट. वरात उजवीकडे वळली. नवरदेवानं वळताना मागं बघून हात जोडले, आम्हाला की तुला, ते कळलं नाही. आणि चांदणीवाले डावीकडे वळायला लागले, वाजवतच. कोणी थांबलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर होते. हिरालालचे गाल फुगलेले आणि त्यावरून पाणी ओघळत होतं, आणि तो मानेनं मला सांगत होता, चालू दे, चालू दे, घाटापर्यंत चालू दे. मला बाबा आठवले. ती मुकी वाट आठवली. इतकी वर्षं मी जे म्हणत होतो ते आता माझ्या मनगटात होतं. आणखी दहा पावलं वाजवलं असतं तर घाटाचा रस्ता सुरू झाला असता, आणि मग कोणी काहीही म्हणो, आम्ही तुझ्यासाठी वाजवलं असतं.

मी हात खाली घेतला. झुणझुणा खिशात टाकला. सगळे थांबले. हिरालालनं मला हळू आवाजात एक शिवी हासडली, ती तुला सांगत नाही, तुला ती पाठ आहे. पुढची सगळी वाट आम्ही गप्प चाललो.

काल पंगतीत हिरालाल पुन्हा म्हणाला, "कायले थांबवलं शालिकभाऊ? जितत होता ना तुमी." त्याला नाही, तुला सांगतो. जिंकलो असतो खरा. तू उठून उलट उत्तर द्यायला येऊ शकला नसतास, आणि भांडण तिथंच संपलं असतं. मग उद्या संध्याकाळी ओसरीवर चहा घेऊन बसल्यावर मी तुझ्याशी काय बोलायचं होतं?

म्हणून मी अजूनही म्हणतो, वाजवायला पाहिजे होतं. तू म्हण, नाही.